चाल कशी जपायची? गोविंदराव टेंबे यांच्या निमित्तानं

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह पेटलं आणि खासबागेकडं माणसांची रीघ लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. शाहू महाराजांनी 'पॅलेस थिएटर' म्हणून उभारलेली, शंभरी ओलांडलेली वास्तू एका रात्रीत काळवंडली. तेव्हापासून छत कसं करायचं, दगडी भिंती किती वाचल्या, निधी कुठनं येणार, यावर गावात रोज बोलणं चालू झालं. ते व्हायलाच हवं. मला मात्र या सगळ्यात एक प्रश्न सतत छळतो. ज्या पदांसाठी ते रंगमंच होतं, त्या पदांच्या चाली आज कुठं आहेत आणि कुणाच्या ताब्यात आहेत?

केशवराव गायक-नट होते. गायकाला गायला चाल लागते आणि ती कुणीतरी बांधलेली असते. गायकाचा आवाज निदान लोकांच्या आठवणीत राहतो. चाल बांधणारा संगीतकार पडद्यामागं राहतो, आणि त्याचा वारसा जपायचा म्हणजे नेमकं काय जपायचं, हे भल्याभल्यांना सांगता येत नाही. नाव चौकाला द्यायचं, जयंतीला हार घालायचा, एक मैफल करायची, आणि मग? संगीतकार गोविंदराव टेंबे यांचं उदाहरण घेऊन हा 'मग' सोपा करून सांगायचा प्रयत्न करतो.

चाल, रेकॉर्ड आणि गायकी

आमच्याकडं उन्हाळ्यात वर्षाची चटणी होते. मिरच्या वाळवायच्या, खोबरं, तीळ, धणे भाजायचे, सगळं डंकावर नेऊन कुटून आणायचं आणि बरणीत दाबून भरायचं. कशाला काय किती, हे प्रमाण आज्जीच्या तोंडात असतं. तेच प्रमाण घेऊन धाकट्या काकूनं केली तरी चटणी थोडी वेगळी लागते, कारण हात वेगळा.

गाण्यातही या तीन गोष्टी वेगवेगळ्या असतात. चाल म्हणजे प्रमाण: कुठला स्वर कुठल्या अक्षरावर, ताल कुठला, सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठल्या शब्दावर येते. रेकॉर्ड, म्हणजे ध्वनिमुद्रिका, ही बरणी. त्या दिवशी त्या गायकानं जे गायलं तेवढंच तिच्यात आहे. गायकी म्हणजे हात. तो शिकूनच येतो, पिढीकडून पिढीकडं.

बरणी संपली तरी प्रमाण माहीत असलं तर पुढच्या उन्हाळ्यात चटणी होते. प्रमाण हरवून बरणी उरली तर चाखून अंदाज बांधावा लागतो. दोन्ही गेलं तर 'काय चव होती म्हणून सांगू' एवढंच उरतं. जुन्या नाट्यसंगीताबद्दल आपण बरंचसं या तिसऱ्या भाषेत बोलतो, म्हणून हे लिहावंसं वाटलं.

टेंबे यांचंच उदाहरण का

गोविंदराव टेंबे यांचा जन्म १८८१ सालचा, कोल्हापूरजवळच्या सांगवड्याचा. पेटी साथीचं वाद्य मानली जायची त्या काळात त्यांनी पेटीच्या स्वतंत्र वादनाला मान मिळवून दिला. १९११ साली किर्लोस्कर नाटक मंडळीनं खाडिलकरांचं 'संगीत मानापमान' रंगभूमीवर आणलं, त्याच्या चाली टेंब्यांच्या. त्या पदांनी मराठी नाटकाचा कानच बदलला. पुढं १९१३ मध्ये बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्याबरोबर गंधर्व नाटक मंडळी काढणाऱ्या तिघांत ते होते. प्रभात कंपनी कोल्हापुरात असताना १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा बोलपट झाला. त्याचं संगीत टेंब्यांचं आणि हरिश्चंद्राच्या भूमिकेत तेच. पार्श्वगायन तेव्हा सुरू झालेलं नव्हतं, नट कॅमेऱ्यासमोर स्वतः गात. त्यामुळं संगीतकार स्वतःची चाल स्वतः गातोय आणि आपण ते बघतोय, असा दुर्मीळ योग त्या चित्रपटात आहे. थोर गायक अल्लादियाखाँसाहेबांचं चरित्र त्यांनी लिहिलं, स्वतःच्या संगीत-प्रवासाबद्दलही लिहिलं. १९५५ मध्ये ते गेले.

नाट्यगृहाशी त्यांचं नातं जोडणारी एक रात्र आहे. जुलै १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत 'संयुक्त मानापमान' झालं. केशवराव भोसले नायक धैर्यधर, बालगंधर्व नायिका भामिनी. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे दोन शिखरावरचे गायक, आणि त्यांच्या तोंडी कोल्हापूरच्या माणसानं बांधलेल्या चाली. त्यानंतर तीनच महिन्यांत, ऑक्टोबरमध्ये, केशवराव गेले. वय अवघं ३१. त्या प्रयोगाची वर्णनं शंभर वर्षं सांगितली जातायत, पण त्याचा एक स्वरही कुठं साठवलेला नाही. तेव्हाच्या यंत्रांनी अख्खा प्रयोग टिपणं शक्यच नव्हतं.

"जुन्या रेकॉर्डी आहेत की!"

आहेत. पण त्यांच्यात काय आहे ते नीट बघायला हवं.

आमच्या मंगळवार पेठेतल्या घरात माळ्यावर आण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, लोखंडी ट्रंक होती. आण्णा भजनी मंडळात पेटी वाजवायचे. ते गेल्यावर दोन वर्षांनी, ऐन श्रावणात, मी ती खाली काढली. वर धोतराचं पान, खाली रेकॉर्डी, एकीवर एक आडव्या रचलेल्या. तळातल्या दोन पापडासारख्या तडकल्या होत्या. बाकीच्यांवर पांढरी बुरशी, बोट फिरवलं की पिठासारखी हाताला यायची.

या जुन्या तबकड्या लाखेच्या असतात. बांगड्यांची असते ती लाख, तिच्यात दगडाची भुकटी मिसळलेली. म्हणून त्या जड असतात आणि पडल्या की फुटतात. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात त्यांना बुरशी धरतेच. त्या उभ्या ठेवायच्या असतात, पुस्तकांसारख्या. आणि स्पिरिटनं कधीही पुसायच्या नाहीत, स्पिरिटमध्ये लाख विरघळते. मी एक तशी पुसली. काळ्या तबकडीचा रंग कापसावर आला तेव्हा कळलं.

नेहमीच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मावतात. नाटकात हेच पद वन्समोअर घेत घेत अर्धा तास चालायचं. म्हणजे रेकॉर्डवर असतो तो घाईनं केलेला सारांश. गायक दुसऱ्या अंतऱ्याला फाटा देतो, ताना आवरतो, कधी लयही वाढवतो. ही मूळ चाल आहे असं समजून आपण ती गिरवतो.

ट्रंकेतल्या एका तबकडीवर 'नाही मी बोलत नाथा' होतं. लेबलवर नाटकाचं नाव, गायिकेचं नाव आणि एक क्रमांक. टेंब्यांचं नाव नाही. त्या काळच्या अनेक लेबलांवर चाल बांधणाऱ्याचं नाव नसायचंच. रेकॉर्ड विकली जायची ती गाणाऱ्याच्या नावावर.

मी त्या रेकॉर्डी एका दुकानात कॉम्प्युटरवर उतरवायला दिल्या. परत आला तो पेन ड्राइव्ह, त्यात 'ट्रॅक १' ते 'ट्रॅक १४'. खरखर काढण्याच्या नादात मागची पेटीही पुसली गेली होती. ते ऐकत बसलो असताना आत्या म्हणाली, "हे चुकीचं हाय. ही रेकॉर्ड लावून आण्णा संगं पेटी वाजवायचा, तवा काळी चारचा सा जुळायचा. ही तर पांढरी पाचवर बसतीया."

काळी चार आणि पांढरी पाच या पेटीच्या शेजारशेजारच्या पट्ट्या. मी पेटी काढून बघितलं. आत्याचं बरोबर होतं.

कारण साधं आहे. या तबकड्या मिनिटाला ७८ फेरे घेतात असं आपण म्हणतो, पण जुन्या काळी सगळ्या नेमक्या त्याच वेगानं मुद्रित झालेल्या नसायच्या, आणि वाजवताना यंत्राचा वेग चुकला तर प्रश्नच मिटला. ७८ ऐवजी साधारण साडेत्र्याहत्तर फेऱ्यांनी वाजवली की सगळं गाणं बरोबर एका पट्टीनं खाली उतरतं. काळी चारची गायिका पांढरी पाचची होते, आवाज जाड येतो, लय मंदावते. पुढची पिढी म्हणणार, काय भारदस्त आवाज होता! तो आवाज तिचा नव्हताच.

म्हणून रेकॉर्ड उतरवताना तीन पथ्यं. सुई ७८ ची हवी. नंतरच्या एलपी रेकॉर्डची सुई बारीक असते, ती खोबणीच्या तळाला घासत जाते. पहिली नक्कल न दाबलेली ठेवायची. एमपी थ्री हा दाबलेला प्रकार आहे, जागा वाचवायला तो आवाजातला काही भाग कायमचा टाकून देतो. ऐकायला ठीक, जपायला नाही. जतनासाठी वेव्ह फाइल, २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झ, हा जगभरचा रिवाज आहे. दुकानात हे आकडे सांगा, त्यांना कळतं. आणि तिसरं पथ्य म्हणजे खरखरीसकट एक प्रत तशीच ठेवायची. स्वच्छ करायचं ते दुसऱ्या प्रतीवर.

लिहून ठेवलं तर?

चाल लिहिण्याच्या पद्धतीला स्वरलिपी म्हणतात. संगीतशास्त्रकार विष्णु नारायण भातखंड्यांची स्वरलिपी आपल्याकडं जास्त वापरात आहे. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर. समेला फुली, 'खाली'ला, म्हणजे तालातल्या टाळी नसलेल्या मात्रेला, शून्य. आठवड्याभरात वाचता येते.

तिच्यात सांगाडा पक्का उतरतो. 'नाही'मधला 'ना' कुठल्या मात्रेवर उचलायचा आणि सम कुठं गाठायची, हे शंभर वर्षांनंतरही वादाविना सांगता येतं. निसटतं ते दोन स्वरांमधलं. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, किती लांब, स्वराला आंदोलन किती, भामिनी रुसल्यावर 'बोलत' या शब्दात आवाज किती मागं घ्यायचा, ते कागदावर येत नाही. त्यासाठी रेकॉर्ड आणि जिवंत गळा हवा. म्हणूनच मी तिन्हींचा आग्रह धरतोय. प्रत्येकाची उणीव दुसरा भरून काढतो.

जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकांनी या बाबतीत मोठं काम केलंय. पदाच्या माथ्यावर राग, ताल आणि 'चाल अमुक' असं छापलेलं असायचं. आज कुठल्याही संग्रहालयाला हवी असते ती नोंदचिठ्ठी तेव्हाचे प्रकाशक एका ओळीत देत होते.

कायदा कुणाच्या बाजूनं?

इथं बहुतेकांचा गोंधळ उडतो, त्यामुळं जरा सावकाश.

कॉपीराइट म्हणजे आपली कृती कुणी, कशी वापरायची हे ठरवण्याचा ठरावीक मुदतीचा हक्क. एका गाण्यात असे निदान तीन हक्क असतात: शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. चालीचा आणि शब्दांचा हक्क त्या त्या माणसाच्या हयातीत, आणि तो गेला त्या वर्षानंतर ६० वर्षं. ध्वनिमुद्रणाचा, ते प्रकाशित झालं त्या वर्षानंतर ६० वर्षं. मुदत संपली की कृती सर्वांची होते. (ही मुदत पूर्वी ५० वर्षं होती. रवींद्रनाथ टागोरांच्या साहित्यावरचा हक्क संपायला आला तेव्हा, १९९२ साली, ती ६० केली.)

आता हिशेब करा. खाडिलकर १९४८ साली गेले, म्हणजे 'मानापमान'चे शब्द २००९ पासून मोकळे. टेंबे १९५५ साली गेले, म्हणजे चाली १ जानेवारी २०१६ पासून मोकळ्या. आज कोल्हापुरातल्या कुठल्याही शाळेनं, मंडळानं, हौशी मुलीनं ही पदं गावीत, स्वरलिपी छापावी, नेटवर टाकावी, कुणाला विचारायची गरज नाही. एवढी मोठी गोष्ट आपल्या हातात आली आणि गावात कुणी पेढासुद्धा वाटला नाही, याचं मला वाईट वाटतं.

एक खबरदारी मात्र घ्यायची. पद मोकळं झालं म्हणून त्याची प्रत्येक रेकॉर्ड मोकळी होत नाही. तेच पद कुणी १९८५ साली गाऊन कॅसेट काढली असेल तर त्या मुद्रणाचा हक्क २०४५ संपेपर्यंत आहे. तुम्ही स्वतः गा, ते चालेल. त्यांची कॅसेट उतरवून टाकू नका.

याच्या उलट उदाहरण बाबूजींचं. सुधीर फडके यांचा जन्म १९१९ चा, आपल्या कोल्हापूरचा. 'गीतरामायणा'ची ५६ गीतं १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून घरोघरी पोचली. शब्द लिहिणारे गदिमा १९७७ साली गेले, चाली बांधणारे बाबूजी २००२ साली. नुसत्या निधनाच्या वर्षावरून हिशेब केला तर शब्द २०३८ मध्ये मोकळे होतील आणि चाली २०६३ मध्ये. एकाच गाण्याचे शब्द आणि सूर पंचवीस वर्षांच्या अंतरानं! शिवाय कृती कुणासाठी, कुठल्या करारावर केली, यावरूनही हक्कदार आणि मुदत बदलते, त्यामुळं अशा वेळी वारसांना आणि संस्थांना विचारून पुढं जावं. गीतकार-संगीतकारांच्या वतीनं मानधन गोळा करणारी आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून आहे, परवानगीची चौकशी तिथनं सुरू करता येते. हौशी मंडळानं तिकीट न लावता फुकट कार्यक्रम केला तर कायद्यात त्याला सूटही आहे, तेव्हा गल्लीतल्या गणपतीत गाणाऱ्या पोरांना घाबरवायचं कारण नाही.

आणखी एक गोष्ट वाचून मी थक्क झालो. १९९४ च्या दुरुस्तीपर्यंत आपल्या कायद्याच्या व्याख्येत 'संगीतकृती' म्हणजे लिहिलेलं किंवा छापलेलं संगीत. ज्या देशात चाल तोंडानं दिली आणि कानानं घेतली जाते, तिथं पेटीवर बोटं ठेवून चाली बांधणाऱ्या माणसाच्या हाती कागद नसेल तर कायद्याच्या लेखी त्यानं काही केलंच नव्हतं! लिहून ठेवण्याची सवय नसल्याची किंमत आपल्या संगीतकारांनी अशीही मोजली.

"पण या चाली टेंब्यांच्या होत्या का?"

हा आक्षेप जाणकार घेतात आणि तो बिनबुडाचा नाही. उत्तरेकडच्या ठुमरी, दादरा, गझल या ढंगाच्या चाली टेंब्यांनी नाट्यपदांत आणल्या. मग मूळ बांधणारा कोण?

माझं मत असं. हिंदी ठुमरीचा एक तुकडा निवडायचा, तो मराठीच्या ऱ्हस्व-दीर्घात बसवायचा, प्रसंगाला नको तो विस्तार काढायचा आणि नटाच्या गळ्याला मानवेल अशी लय ठरवायची, हे काम बांधणीचंच आहे. सोनाराला सोनं बाहेरून येतं, म्हणून साज घडवणारा तो नव्हे असं आपण म्हणत नाही. पण सोनं कुठनं आलं हेही नोंदीत लिहायला हवं. ज्या तवायफांच्या आणि उस्तादांच्या गाण्यातून हे धन आलं, त्यांची नावं आपल्याकडं आणखीच लवकर पुसली गेली. टेंब्यांचा वारसा जपताना त्यांचाही उल्लेख झाला तर टेंब्यांचं काही कमी होत नाही.

याच्याच पाठोपाठ दुसरा आक्षेप येतो: गायकांनी चाली इतक्या बदलल्या की मूळ कुठली? खरंय. मास्टर दीनानाथांचं 'मानापमान' वेगळं आणि बालगंधर्वांचं वेगळं. यातलं एक खरं आणि दुसरं खोटं ठरवू नये. दोन्ही लिहावीत, कुणाची कुठली ते सांगून.

"यूट्यूबवर आहे की सगळं"

आज आहे. टाकणाऱ्यानं खातं बंद केलं की नाही. शिवाय तिथं संगीतकाराच्या जागी 'पारंपरिक' लिहिलेलं मी कितीदा बघितलंय. टेंब्यांची चाल पारंपरिक नाही. ती कुणी बांधली ते ठाऊक आहे.

कोल्हापुरात काय करता येईल

सरकारची वाट बघायला नको असं बरंच काही आहे. गायन समाज देवल क्लबासारखी जुनी संस्था इथं आहे, संगीत शिकवणारे वर्ग पेठापेठांत आहेत, आणि घरोघरी अजून सत्तरी-ऐंशीतले गळे आहेत. एखाद्या वर्गानं वर्षभरासाठी 'मानापमान' घ्यावं. मुलांनी प्रत्येक पदाची स्वरलिपी करावी, उपलब्ध रेकॉर्डींशी ताडून बघावी, जिथं फरक पडतो तिथं दोन्ही रूपं द्यावीत, आणि पीडीएफ करून सगळ्यांसाठी सोडून द्यावी. हक्क संपलेला असल्यानं अडवणारं कुणी नाही. नाट्यगृह पुन्हा पूर्वीसारखं घुमू लागेल तेव्हा त्यात गायला वीस-बावीस वर्षांची पोरं तयार असतील, तीही संगीतकाराचं नाव आधी घेऊन गाणारी.

घरच्या घरी करायचं असेल तर फोन पुरे. पंखा बंद करा, खिडकी लावा, तानपुरा बारीक ठेवा, आणि गाणं सुरू होण्याआधी तारीख, गाव, गाणाऱ्याचं नाव, पद, चाल कुणाची आणि ती कुणाकडून शिकली, हे तोंडानं बोलून घ्या. चिठ्ठी हरवते, फाइलचं नाव बदलतं. आवाजातच असलेली नोंद गाण्याबरोबर राहते.

आत्याचं असंच केलं. ती ८१ वर्षांची आहे. दम पुरत नाही म्हणून दोन ओळींनंतर थांबते, पाणी पिते, मग पुढची घेते. 'नाही मी बोलत नाथा'च्या अंतऱ्यात तिची एक जागा, म्हणजे स्वरांचं एक छोटं वळण, रेकॉर्डपेक्षा वेगळी आली. मला वाटलं चुकली. विचारल्यावर म्हणाली, "आण्णानं अशीच शिकवलीया. रेकॉर्डीत जागा न्हवती म्हणून बाईनं ती गाळली असंल."

आण्णांना ती कुणी दिली, ते तिला आठवत नाही. मी वहीत दोन्ही जागा एकाखाली एक लिहिल्यात. वरच्या ओळीपुढं रेकॉर्डचा क्रमांक, खालच्या ओळीपुढं आत्याचं नाव, आण्णांचं नाव आणि त्याच्यापुढं एक मोकळी रेघ.